हंगाम चुकलेला आजार

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात डिसेंबर हा भर उन्हाळ्याचा महिना. शाळांना मोठी सुट्टी लागते, समुद्रकिनारे गजबजतात आणि हिवाळ्यात सर्दी-खोकल्याच्या मुलांनी भरून जाणाऱ्या बालरोग विभागांना थोडी उसंत मिळते. २०२० च्या डिसेंबरात ही उसंत मिळाली नाही. छाती घरघरणारी, धापा टाकणारी, दूध ओढता ओढता दमून स्तन सोडून देणारी बाळे एकामागून एक दाखल होत होती. हे चित्र तिथे जून-जुलैच्या थंडीत दिसायला हवे होते. त्या वर्षीच्या थंडीत मात्र हे विभाग या आजारापुरते जवळजवळ रिकामे राहिले होते. आजार आला होता, पण सहा महिने उशिरा आणि चुकीच्या ऋतूत.

या आजाराचे नाव ब्रॉन्किओलायटिस. दोन वर्षांखालच्या, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना तो सर्वाधिक गाठतो. त्यामागे अनेक विषाणू असू शकतात, पण सर्वांत मोठा वाटा रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस म्हणजे आरएसव्हीचा. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला आरएसव्हीची लागण एकदा तरी होऊन जाते. बहुतेकांची सर्दीवर सुटका होते, काहींच्या छातीत ती उतरते. २०१९ या एका वर्षात जगभरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये आरएसव्हीमुळे फुप्फुसांपर्यंत पोहोचलेले सुमारे ३ कोटी ३० लाख आजार झाले आणि साधारण १ लाख १ हजार मुले दगावली, असा अंदाज ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. यातले ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते.

इतक्या मोठ्या आजाराचे वेळापत्रक करोनाच्या साथीने विस्कटले, आणि ते का विस्कटले याचा शोध घेताना आजारांचे ऋतू कसे घडतात हेच उलगडत गेले.

छातीतल्या बारीक वाटा

श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी ज्या अगदी बारीक नळ्या उरतात, त्यांना श्वसनिका म्हणतात. मोठ्या माणसातही त्यांची जाडी एखाद्या मिलिमीटरच्या आतच असते, बाळात तर त्याहून कमी. आरएसव्ही या नळ्यांच्या अस्तरात शिरतो. अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि कफ वर ढकलणे हे त्यांचे काम. विषाणू नेमक्या त्याच पेशींवर हल्ला करतो. पेशी मरून सुटतात, अस्तर सुजते, चिकट स्राव साचतो आणि या सगळ्याचा मिळून बोळा बसतो.

नळीतून हवा वाहण्याचे गणित इथे बाळाच्या विरोधात जाते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुपटीने नाही, सोळा पटींनी वाढतो. मोठ्या माणसाच्या नळीला जी सूज जाणवणारही नाही, ती दोन महिन्यांच्या बाळाची वाट जवळजवळ बंद करते. आत गेलेली हवा बाहेर पडायला मार्ग सापडत नाही, छाती फुगलेली राहते आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो.

हा आजार अंगावरून ओळखता येतो. बाळाचे अंगडे वर करून उजेडात त्याची छाती नीट पाहिली, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाताना दिसतो. पोट उडते, नाकपुड्या फुलतात. बाळ भुकेले असते, तोंड लावते, दोन-चार घोट घेते आणि रडवेले होऊन तोंड फिरवते. इतकी लहान बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलेले असले की दूध पिणे आणि श्वास घेणे ही दोन्ही कामे त्यांना एकाच वेळी जमत नाहीत. म्हणूनच बाळ नेहमीच्या निम्मे तरी दूध घेते आहे का, हा बालरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न असतो.

पहिले दोन-तीन दिवस नुसती सर्दी, मग साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास शिगेला पोहोचतो आणि हळूहळू उतरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. विषाणूला मारणारे असे औषध इथे हाताशी नाही. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, आणि दम्यासाठी दिली जाणारी वाफेची औषधे किंवा स्टेरॉइड यांचा नेहमीच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये फायदा होत नाही, असे अमेरिका आणि ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नाक मोकळे ठेवणे, दूध-पाणी पोटात जाईल असे पाहणे, गरज पडली तर ऑक्सिजन देणे, एवढाच उपचार. तो साधा असला तरी वेळेवर मिळाला तर बहुतेक बाळे वाचतात. यात खाट लागते, ऑक्सिजन लागतो आणि रात्रभर जागणारी परिचारिका लागते. एकाच पंधरवड्यात शंभर बाळे आली की नेमके हेच कमी पडते. म्हणून साथ कधी येणार, हे आधी कळणे मोलाचे.

प्रत्येक गावाचे वेगळे पंचांग

आरएसव्ही पहिल्यांदा सापडला तो माणसात नव्हे. १९५६ च्या सुमारास वॉशिंग्टनजवळ अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत पाळलेल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि तिच्यातून हा नवा विषाणू हाती लागला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमधल्या आजारी बाळांत तोच विषाणू शोधला. तो मुळात बाळांचाच विषाणू आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

पुढच्या दशकांत देशोदेशींच्या डॉक्टरांनी त्याचे महिने नोंदवून ठेवले. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत तो नोव्हेंबरच्या आसपास येतो, डिसेंबर-जानेवारीत शिखर गाठतो आणि मार्चपर्यंत ओसरतो. ऑस्ट्रेलियात त्याचे दिवस जून-जुलैचे. फ्लोरिडाच्या उष्ण-दमट हवेत त्याचा मुक्काम कितीतरी लांबतो. फिनलंडमध्ये एक वर्ष मोठी साथ, पुढच्या वर्षी लहान, अशी आलटून-पालटून चाल दिसत असे. उत्तर भारतात तो थंडीच्या तोंडाशी आणि थंडीत वाढतो, तर महाराष्ट्रात आणि दक्षिणेकडे पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे हे त्याचे मुख्य दिवस.

विषाणू एक, ऋतू इतके वेगळे. हवामानाचा यात वाटा आहेच. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रेचल बेकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि मेक्सिकोतल्या नोंदी तपासून २०१९ मध्ये दाखवले की हवेतली आर्द्रता आणि पाऊस यांचा आरएसव्हीच्या फैलावाशी संबंध आहे. थंड देशांत कोरडी हवा त्याला मानवते, उष्ण प्रदेशांत पावसाचे दिवस. दोन्हीकडे त्या दिवसांत माणसे दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात, हेही एक कारण.

हवामानाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लागण होऊ शकेल अशी मुले त्या क्षणी किती आहेत? आरएसव्हीविरुद्धची प्रतिकारशक्ती फार टिकत नाही, तो आयुष्यात पुन्हा पुन्हा गाठतो. पण पहिली लागण सर्वांत जड जाते आणि पुढच्या हलक्या होत जातात. दर वर्षीची साथ त्या वर्षी जन्मलेल्या मोठ्या संख्येच्या मुलांना एकदा लागण करून जाते, मग तिला नवी मुले मिळेनाशी होतात आणि ती ओसरते. पुढच्या वर्षभरात नवी बाळे जन्माला येतात, पुन्हा साठा तयार होतो, पुन्हा साथ येते. फिनलंडमधली मोठी-लहान वर्षांची चाल याच हिशेबातून येते. मोठ्या साथीने साठा इतका रिता केलेला असतो की पुढच्या वर्षी साथीला उभे राहायला पुरेशी मुलेच नसतात.

बाळापर्यंत विषाणू आणतो कोण, याचाही अभ्यास झाला आहे. केनियातल्या किलिफी भागात कुटुंबाकुटुंबांतून नमुने घेतले गेले तेव्हा दिसले की घरातले मोठे भावंड, विशेषतः शाळेत जाणारे, हा बाळाला होणाऱ्या लागणीचा प्रमुख स्रोत आहे. सहा वर्षांच्या ताईला फक्त नाक गळण्याइतका त्रास होतो. ती शाळेतून येते, बाळाचा गालगुच्चा घेते आणि चार-सहा दिवसांनी बाळ शिंकू लागते.

कोरडा गेलेला हिवाळा

मार्च २०२० मध्ये जग घरात बसले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने ५ एप्रिलला स्वतःच्याच देशातल्या इतर राज्यांसाठीही सीमा बंद केल्या. त्या हिवाळ्यात तिथल्या मुलांमध्ये आरएसव्ही सापडण्याचे प्रमाण नेहमीच्या तुलनेत ९८ टक्क्यांनी घटले, फ्लूचे ९९ टक्क्यांहून अधिक.

मास्क आणि हात धुणे यांचा हा परिणाम, असे म्हणून पुढे जाता आले असते. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. त्या राज्यात करोनाचा संसर्ग लवकर आटोक्यात आला होता आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत शाळा पूर्णपणे भरू लागल्या होत्या. वर्गात मुले खेटून बसत होती, डबे वाटून खात होती, आणि तरीही संपूर्ण हिवाळाभर आरएसव्ही पसरला नाही. थंडी होती, शाळा होत्या, लागण होऊ शकेल अशी बाळेही होती. नव्हता तो बाहेरून येणारा विषाणूचा पुरवठा. एरवी दर वर्षी विमानांतून, प्रवाशांबरोबर विषाणूच्या नव्या शाखा येत राहतात आणि स्थानिक साथीला जोर देतात, हे सीमा बंद झाल्यावरच इतके ठळकपणे दिसले.

सगळेच विषाणू मात्र गायब झाले नाहीत. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस कडक निर्बंधांतही बऱ्याच ठिकाणी टिकून राहिला. आरएसव्ही आणि फ्लू या दोघांभोवती चरबीचे पातळ आवरण असते, साबणाने ते फुटते. ऱ्हायनोव्हायरसला असे आवरण नाही, त्यामुळे तो अधिक चिवट. एकच उपाय दोन विषाणूंवर सारखा चालत नाही, याची ही नोंद ठेवण्याजोगी आहे.

याआधीही एका महासाथीने आरएसव्हीचे दिवस सरकवले होते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची लाट आली तेव्हा फ्रान्समध्ये त्या हिवाळ्यातली आरएसव्हीची साथ उशिरा सुरू झाल्याचे लियॉनच्या संशोधकांनी नोंदवले होते. एक विषाणू जोरात असताना दुसऱ्याला थोडा वेळ जागा मिळत नाही, असा त्यातून निघालेला तर्क. २०२० मध्ये जे घडले त्याचा आवाका मात्र कितीतरी मोठा होता.

साचत गेलेले सरपण

पश्चिम ऑस्ट्रेलियात वर्षाला तीस हजारांहून अधिक बाळे जन्माला येतात. २०२० चा हिवाळा कोरडा गेल्यावर त्यांतल्या बहुतेकांना आरएसव्ही भेटलाच नाही. २०१९ मध्ये जन्मलेली आणि त्या वर्षीच्या साथीतून सुटलेली मुलेही तशीच राहिली. माळावर दर वर्षी थोडे थोडे गवत जळून जावे, आणि एखाद्या वर्षी आग लागलीच नाही म्हणून दुप्पट गवत वाळत उभे राहावे, तशी ही स्थिती होती. त्यात एक ठिणगी पुरेशी होती.

शिवाय बाळाला जन्मतः मिळणारी शिदोरीही घटली. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात. आईला अधूनमधून आरएसव्हीची हलकी सर्दी होत राहिली तर तिची प्रतिपिंडे ताजी राहतात. वर्षभर विषाणूच फिरला नाही तेव्हा आयांचा हा साठाही ओसरला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात केलेल्या रक्तचाचण्यांत बाळंतपणाच्या वयाच्या स्त्रियांमधली आणि लहान मुलांमधली आरएसव्हीविरोधी प्रतिपिंडे साथीच्या काळात कमी झालेली आढळली.

बेकर आणि त्यांच्या प्रिन्स्टनमधल्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये गणिती प्रारूपाच्या आधारे हाच इशारा दिला. निर्बंध जितके लांबतील तितकी लागण होण्याजोगी मुले वाढतील आणि नंतरची साथ तितकी मोठी येईल, असे त्यांनी मांडले. अमेरिकेत शिखर २०२१-२२ च्या हिवाळ्यात येईल, असा त्यांचा कयास होता. साथ मोठी येणार हे खरे ठरले, वेळ मात्र चुकली. ती हिवाळ्यापर्यंत थांबलीच नाही.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियात आरएसव्हीचे रुग्ण दिसू लागले आणि २०१२ ते २०१९ मधल्या हिवाळी शिखरांच्या मध्यक पातळीलाही त्यांनी मागे टाकले. रुग्णांच्या वयाकडे पाहिल्यावर साचलेल्या सरपणाचा पुरावाच मिळाला. आधीच्या वर्षांत आजारी मुलांचे मध्यक वय ७ ते साडेबारा महिन्यांच्या दरम्यान असे. या वेळी ते १८ महिन्यांच्या पुढे गेले. ही तीच मुले होती, ज्यांना विषाणू गेल्या हिवाळ्यात भेटायला हवा होता.

विषाणूच्या जनुकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात एरवी एकाच वेळी आरएसव्हीच्या अनेक शाखा फिरत असत. २०२० नंतर त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. पूर्वेला न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या भागात एक, आणि हजारो किलोमीटर दूर पश्चिमेला दुसरीच एक, अशा दोन वेगळ्या शाखांनी या साथी पेटवल्या. संशोधकांच्या अंदाजानुसार निर्बंधांच्या काळात त्या स्थानिक पातळीवर कित्येक महिने नजरेआड धुमसत होत्या. मेलबर्नमध्ये लांबलेली टाळेबंदी होती, तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात साथ उशिरा, २०२१ च्या सुरुवातीला पोहोचली, आणि ती पूर्वेकडच्याच शाखेची होती. तीन राज्यांत ऋतू तोच होता, पण साथीची वेळ ठरली ती माणसांवरचे निर्बंध कधी सैल झाले यावरून.

देशोदेशी तेच

न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केल्या आणि त्या वर्षी आरएसव्ही तिथे जवळजवळ आलाच नाही. १९ एप्रिल २०२१ ला ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाविना प्रवास सुरू झाला आणि त्याच हिवाळ्यात बाळांचे विभाग भरून वाहू लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १० जून २०२१ ला दक्षिणेकडच्या राज्यांत अवेळी वाढणाऱ्या आरएसव्हीबद्दल डॉक्टरांना सावध केले, आणि उन्हाळा संपता संपता साथ शिखरावर गेली. जपानमध्ये २०२० साली हा विषाणू फारसा दिसला नव्हता. २०२१ च्या जुलैत तो आधीच्या वर्षांपेक्षा कितीतरी मोठ्या संख्येने परतला.

एका उन्हाळ्यात हिशेब मिटला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत साथ नोव्हेंबरमध्येच शिखरावर पोहोचली, आणि बालरुग्णालयांच्या व बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सरकारकडे आणीबाणी जाहीर करण्याची मागणी केली. त्याच महिन्यात फ्रान्सने ब्रॉन्किओलायटिसमुळे आपत्कालीन आरोग्य योजना देशभर लागू केली. तिथली ती साथ दहा वर्षांहून अधिक काळातली सर्वांत मोठी होती. २०२३-२४ पर्यंत बऱ्याच देशांत साथ आपल्या जुन्या महिन्यांच्या जवळ येऊन ठेपली. हवामानाची ओढ कायम होती, मुलांचा साठा नेहमीच्या पातळीवर आला, आणि घड्याळ पुन्हा लागले.

या काळात ‘प्रतिकारशक्तीचे कर्ज’ हा शब्दप्रयोग गाजला. फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये तो वापरला आणि लोकांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. मुलांना घरात जपले म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती कमकुवत झाली, लहानपणी आजार झालेलेच बरे, असे बोलले जाऊ लागले. हे स्पष्टपणे खोडून काढायला हवे. समाजाच्या पातळीवर लागण न झालेल्या मुलांची संख्या वाढली, एवढाच त्यातला खरा भाग. एकेका बाळाचा विचार केला तर आरएसव्ही दोन महिन्यांच्या वयात होण्याऐवजी दोन वर्षांच्या वयात झालेला केव्हाही चांगला. तोवर श्वसनिका रुंद झालेल्या असतात आणि सोळा पटींचे ते गणित बाळाच्या बाजूने झुकते. लागण पुढे ढकलल्याने नुकसान झाले ते रुग्णालयांचे, कारण सगळी मुले एकदम आली आणि कुणी तयारीत नव्हते.

महिना पाहून दिलेली सुई

तयारी महिना पाहून होत होती, हा खरा धडा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदयविकार असलेल्या बाळांसाठी १९९८ पासून पॅलिव्हिझुमॅब हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन उपलब्ध होते. ते साथीच्या काळात दर महिन्याला द्यावे लागे आणि अतिशय महाग होते, म्हणून अमेरिकेत ते साधारण नोव्हेंबरपासून पाच महिने देत. २०२१ च्या उन्हाळ्यात साथ आली तेव्हा ही मात्रा द्यायची वेळच कागदोपत्री सुरू झालेली नव्हती. साथ दिसेल तिथे, महिना कोणताही असो, इंजेक्शन द्या, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला वेगळे सांगावे लागले.

लसीचा मार्ग याहून खडतर होता. १९६६ मध्ये अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस काही बाळांना दिली गेली. त्यानंतर विषाणू आला तेव्हा लागण झालेल्या लसवंत बाळांपैकी ८० टक्के रुग्णालयात गेली, दोन दगावली. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. या धक्क्यानंतर हे क्षेत्र कित्येक दशके थबकले. पुढे २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने विषाणूवरचे प्रथिन पेशीला चिकटण्याआधी नेमके कसे दिसते ते उलगडले, आणि तोच आकार स्थिर ठेवून शरीराला दाखवायचा मार्ग सापडला.

त्यातून दोन साधने आली. एक, गर्भवतीला शेवटच्या महिन्यांत द्यायची लस, जिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. अमेरिकेने तिला ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. दुसरे, निर्सेव्हिमॅब हे बाळाला एकदाच द्यायचे प्रतिपिंडांचे इंजेक्शन, जे साथीच्या पूर्ण हंगामाला पुरते. स्पेनच्या गॅलिशिया प्रांताने सप्टेंबर २०२३ मध्ये ते सरसकट सर्व बाळांना द्यायला सुरुवात केली, नव्वद टक्क्यांहून अधिक पालकांनी ते घेतले, आणि आरएसव्हीमुळे दाखल होण्याचा धोका सुमारे ८२ टक्क्यांनी घटला. २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियानेही आपल्या बाळांना हे इंजेक्शन द्यायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२५ पासून ऑस्ट्रेलियात गर्भवतींना लस मोफत मिळू लागली.

आपल्याकडचे महिने

भारतात ही दोन्ही साधने अजून सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात नाहीत. त्यामुळे आपल्याकडे वेळेवर ओळखणे आणि वेळेवर पोहोचणे हाच मुख्य आधार आहे. जगभरात आरएसव्हीने होणाऱ्या मृत्यूंपैकी रुग्णालयात नोंदले जातात ते साधारण एक चतुर्थांश, बाकीची बाळे घरी किंवा वाटेत जातात. मेळघाटात डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या ‘महान’ संस्थेने गावोगावी जाऊन केलेल्या अभ्यासाने हेच समोर आणले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की धारणी या तालुक्याच्या गावापर्यंतची वाट बंद होते, आणि नेमके तेच या विषाणूचे दिवस.

वेळेवर ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दायांसाठी एक साधन बनवले होते. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि श्वास मोजायला मणी. अंक न येणारी दाईसुद्धा बाळाचा श्वास वेगाने चालला आहे की नाही हे त्यावर सांगू शके. आज हे काम मोबाइलच्या घड्याळावर कोणत्याही घरात होऊ शकते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असतील, तर दवाखान्यात न्यावे. छाती आत ओढली जात असेल, बाळ निम्मेही दूध घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास मध्येच थांबत असेल किंवा बाळ मलूल पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नये. फार लहान, अपुऱ्या दिवसांच्या बाळात खोकला-सर्दीआधीच श्वास थांबणे हे पहिले लक्षण असू शकते.

घरात करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. अंगावरचे दूध चालू ठेवावे, थोडे थोडे पण वरचेवर पाजावे. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालून ते मोकळे करावे. आंघोळीनंतर बाळाला ओवा-शेपाची धुरी देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मायेने दिलेली असली तरी ती बाळाच्या श्वसनिकांना जाचते, तिला आता निरोप द्यावा. चूल, बिडी, डासांची अगरबत्ती यांचा धूरही बाळापासून दूर ठेवावा. बारशाला येणाऱ्या पाहुण्याला सर्दी असेल तर त्याने बाळाला लांबूनच आशीर्वाद द्यावा, आणि घरातल्यांनी त्याचा राग मानू नये.

राज्याच्या पातळीवर करण्यासारखे एक काम मोठे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारखी तज्ज्ञ संस्था आपल्याकडे आहे, चाचण्यांचे जाळे करोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात पोहोचले. ते जाळे बाळांच्या श्वसनविकारांसाठी बाराही महिने जागे ठेवले, तर आरएसव्हीची पहिली वाढ दिसताच त्या भागातल्या आशाताईंना श्वास मोजण्याची आठवण देता येईल, प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑक्सिजन आणि लहान नळ्या पोहोचवता येतील, आणि उद्या लस किंवा इंजेक्शन आले तर ते कोणत्या महिन्यात द्यायचे हे पुराव्यानिशी ठरवता येईल. पावसाळा पुढे-मागे सरकू लागला आहे. फक्त दिनदर्शिका पाहून तयारी करणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचा २०२० सालचा उन्हाळा पुरेसा इशारा आहे. साथीची तारीख हवामान, माणसांची ये-जा आणि लागण होण्याजोगी बाळे यांच्या मेळातून ठरते, आणि हा मेळ दर वर्षी थोडा वेगळा बसतो. तो मोजत राहणे आपल्या हातात आहे, आणि ते मोजमाप वेळेवर झाले तर ज्या बाळांना फक्त चार दिवस ऑक्सिजन आणि थोडे दूध हवे असते, ती बाळे आपण गमावणार नाही.